खाडीकडं की समुद्राकडं

आमच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे वर्षातले सगळ्यांत कामाचे दिवस. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमची मिरची कांडपाची गिरणी होती. रस्त्याच्या अंगाला गिरणी आणि तिच्या पाठीला चिकटून घर. होळी झाली की बायका वर्षाची चटणी करायला यायला लागायच्या. आम्ही जिला चटणी म्हणतो तिला बाहेरचे लोक कांदा-लसूण मसाला म्हणतात. मिरच्या, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, सोललेला लसूण, असं सगळं डब्यांतून, पिशव्यांतून घेऊन त्या पहाटेपासून नंबर लावून बसायच्या. मग लोखंडी मुसळं सुरू व्हायची. त्यांच्या दणक्यानं स्वयंपाकघरातली फरशी हलायची, मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या, आणि आम्ही त्या आवाजात अभ्यास करायचो, जेवायचो, भांडायचो. गिरणी बंद झाली की कान दुखल्यासारखे व्हायचे. मिरचीचा खकाणा घरभर असायचा, पण आम्ही घरातले कुणी शिंकायचो नाही. पाहुणे शिंकायचे. दुपारी एखादी बाई गरम चटणीचा गोळा आमच्या ताटलीत ठेवून जायची. त्यावर तेल घालून ज्वारीच्या भाकरीशी खाल्लेल्या त्या जेवणाची सर मला पुढं कुठल्याच जेवणात सापडली नाही. माझी मुलं म्हणतात, आई, तुला तिखट खायची सवय नाही, व्यसन आहे.

या सगळ्या गोंधळाची मालकीण माझी अव्वा. अव्वा म्हणजे आई. आम्ही लिंगायत, आणि तिचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळं घरात मराठी बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचे. गिरणीच्या तोंडाशी एका लाकडी स्टुलावर ती बसायची, तोंडावर पदर बांधून, आणि त्या पदराआडून तिचा आवाज मुसळांच्या वर जायचा. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या मिरच्या ओल्या आहेत, कुणी नंबर मोडून पुढं घुसतंय, सगळं तिथून. "ए पावणीबाई, मागं सरा की, हितं काय सिनेमा लागलाय व्हय?" अशी ती ओरडली की सगळ्या हसायच्या, आणि जिला बोलली तीही हसायची. अप्पा, माझे वडील, मोटरपाशी उभे राहायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. त्यांना बोलायची कधी वेळच आली नव्हती.

मी चौदा-पंधराची असताना त्या हिवाळ्यात अव्वाच्या डाव्या छातीत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढावी लागली, मग बरेच दिवस किरणांचे शेक दिले. आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. पेठेत आत्यानं सांगून टाकलं, पोटाचं ऑपरेशन झालंय म्हणून, आणि आम्हीही तेच सांगत राहिलो. अव्वा घरी आली ती मागच्या खोलीतच बसायला लागली. दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घ्यायची, भर उन्हातसुद्धा. चटण्यांचा हंगाम सुरू झाला तरी ती पुढं आली नाही. बायका विचारायच्या, "महादेवी कुठाय?" अप्पा म्हणायचे, "जरा बरं न्हाय तिला." स्टूल तिथंच होतं, पण त्यावर कुणी बसत नव्हतं.

या सगळ्यात मला सगळ्यांत भीती कशाची वाटली असेल, तर अव्वा हो म्हणायला लागली त्याची. पूर्वी अप्पांनी काही म्हणायचा अवकाश, ती त्याच्या उलट बोलायची. भाजी कुठली आणायची इथपासून मोटर कुठल्या कंपनीची घ्यायची इथपर्यंत. आता अप्पा काही विचारायचे आणि ती म्हणायची, "तुमी म्हणाल तसं." असं ती म्हणाली की अप्पा थोडा वेळ तिथंच घुटमळायचे. आणखी काहीतरी ती बोलेल म्हणून वाट बघायचे आणि मग मोटरकडं परत जायचे.

आमच्या परीक्षा संपल्या त्या संध्याकाळी जेवताना अप्पा म्हणाले, "आपण चार दिवस समुद्राला जाऊ." माझ्या थोरल्या भावानं, बसूनं, हातातला घास परत ताटात ठेवला. हंगामात गिरणीला कुलूप? दुसऱ्या दिवशी ही बातमी पेठेत फिरली, तेव्हा समोरच्या सायकल दुकानाचे मालक रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "अप्पा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" अप्पा म्हणाले, "डॉक्टरांनी हवापालट सांगितलीय. मिरचीपासून लांब न्या म्हणालेत." डॉक्टरांनी असं काही सांगितलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

मग वाद सुरू झाला, तो कुठल्या समुद्राला जायचं याचा. बसू कॉलेजच्या सहलीबरोबर गणपतीपुळ्याला जाऊन आला होता. तो उघडा समुद्र, देवळाच्या पायरीपर्यंत येणारा. त्याच्या लाटांबद्दल तो हात पसरून सांगायचा. "अप्पा, लाट आली की माणूस असा उलटा होतोय! कान, नाक, तोंड, सगळ्यात पाणी!" आत्याचं मत बसूच्या बाजूनं होतं, पण कारण वेगळं, तिथं गणपती आहे, दर्शन होईल, नवस बोलून घेता येईल. आत्या शेजारच्या गल्लीत राहायची आणि आमच्या घरातल्या प्रत्येक निर्णयात तिचं एक मत असायचंच. दुसऱ्या बाजूला होते अप्पा आणि एक कोकणातले मास्तर. हे मास्तर दरवर्षी सासुरवाडीला कोल्हापूरला आले की आमच्याकडून मसाला करून न्यायचे. जयगडच्या खाडीच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. ते अप्पांना म्हणाले, "लाटांच्या नादाला लागू नका. आमच्या खाडीवर या. बशीत ओतलेला चहा असतो ना, तसं पाणी. कंबरेइतक्या पाण्यात उभे राहा, हलणार नाही. आणि माणूस नाही एक. घरच्या मंडळींना निवांत वाटेल."

माणूस नाही एक, हे वाक्य अप्पांनी धरून ठेवलं. बसू म्हणाला, "मग तिथं करायचं काय? बघत बसायचं?" अप्पा म्हणाले, "व्हय. बघत बसायचं." आठवडाभर ताटावर हेच चाललं होतं. मला मनातून लाटाच हव्या होत्या, पण अप्पांचं तोंड बघून मी गप्प राहायची. अव्वा भाकऱ्या थापत सगळं ऐकायची. शेवटी अप्पांनी तिलाच विचारलं, "तू सांग. खाडीकडं जायचं का समुद्राकडं?" भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "तुमी म्हणाल तिकडं." अप्पा उठले, हात धुतले आणि बाहेरूनच म्हणाले, "खाडीकडं."

एक ट्रॅक्स गाडी ठरवली. आत्या देव मिळणार नाही म्हणून रुसली होती, तरी धपाटी, शेंगाची चटणी आणि दशम्यांचा डबा घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत बसली. मलकापूरला चहा झाला. आंबा घाट उतरायला लागलो तशी आत्या डोळे मिटून शिवशिव करायला लागली आणि बसू ड्रायव्हरला प्रत्येक वळणावर सूचना द्यायला लागला. अव्वा खिडकीशी होती. तिनं समुद्र कधी बघितला नव्हता. मी पण बघितला नव्हता, पण मला ते दर मिनिटाला आठवत होतं. तिला आठवत होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मास्तरांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. माडांच्या पलीकडं खाडी होती, हिरवट, रुंद, आणि खरोखरच बशीतल्या चहासारखी स्थिर. मास्तरांच्या घरच्या बाई फार अगत्याच्या. आम्ही मासे खात नाही हे कळल्यावर त्यांना आमची दया आली. कुळथाचं पिठलं, सोलकढी, आंबोळ्या असं सगळं त्यांनी आमच्यासाठी वेगळ्या चुलीवर केलं, तरी शेजारपाजारच्या घरांतून तळणीचा वास यायचाच आणि आत्या नाकाला पदर लावून जेवायची. आम्ही पाण्यात गेलो. बसू पोहून पार कंटाळला. अव्वा मात्र काठावर एका उपड्या होडीच्या सावलीत बसली. अप्पा म्हणाले, "ये की, पाय तरी भिजव. कोण न्हाय हितं." पण कुणी नव्हतं असं नव्हतं. ओहोटीला गावातल्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, गोळा करायला यायच्या, आणि गावात नवीन माणसं आलीत म्हटल्यावर त्या थांबून, कंबरेवर हात ठेवून नीट बघायच्या. कुठल्या तुम्ही, किती मुलं, बाईंना बरं नाही का. एवढ्या मोठ्या मोकळ्या काठावर बघण्यासारखी आम्हीच तेवढी होतो. अव्वा पदर आणखी ओढून घ्यायची.

संध्याकाळी न्हाणीघरात मी साबण ठेवायला गेले, तेव्हा दोरीवर टॉवेलखाली एक छोटी कापडी पिशवी वाळत घातलेली दिसली. जुन्या ब्लाउजच्या निळ्या कापडाची, गोल शिवलेली. हातात घेतली तर जड लागली. बाळाच्या उशीत घालतात तसे राळ्याचे बारीक दाणे आणि वर कापूस भरला होता. दोन क्षण मला कळलंच नाही काय आहे. मग कळलं. असलं काही तयार मिळतं हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. अव्वानं आपल्या हातानं बेतून, उजवीकडच्या वजनाला वजन जुळवून ते शिवलं होतं, आणि ब्लाउजच्या आत ठेवून ती घरात, गाडीत, त्या होडीच्या सावलीत बसत होती. मी ती पिशवी होती तशी टॉवेलखाली ठेवली आणि बाहेर आले. अव्वा पडवीत मास्तरांच्या बाईंना लसूण सोलून देत होती. मी तिच्याजवळ बसून लसूण सोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळ्या खाताना बसू नुसताच खाडीकडं बघत बसला होता. अव्वानं त्याच्याकडं बघितलं, मग खाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "हे रंकाळ्याचं तळंच हाय की."

अप्पा म्हणाले, "काय?"

"रंकाळा. जरा मीठ घातलंय त्यात एवढंच. एवढा घाट उतरून आपण रंकाळा बघायला आलो व्हय?"

अप्पा सांभाळून म्हणाले, "मग काय म्हणतीयास?"

"तो बसू म्हणतोय तो बघायचाय मला. मोठा."

"अगं, पर तिथं लोकं लई असत्यात. सुट्ट्या हाईत."

"असूद्यात की. लोकं समुद्र बघायला आल्यात, मला बघायला न्हाईत आली. हितं हाय कोण दुसरं बघायला? कालपास्नं त्या बाया मलाच बघालत्यात."

हिवाळ्यानंतर अव्वा अप्पांच्या उलट बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा. अप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांचा एवढा विचार करून ठरवलेला बेत तिनं मोडीत काढला होता आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. ताटात अर्धी आंबोळी तशीच ठेवून ते अंगणात गेले आणि विनाकारण मोठ्यानं ओरडले, "ड्रायव्हर! ओ ड्रायव्हर! गाडी काढा!" ड्रायव्हर समोरच उभा होता.

गणपतीपुळ्याला आधी लांबूनच आवाज आला. मला वाटलं, कुठंतरी गिरणी चालू आहे. वळण घेतलं आणि मग तो दिसला. अव्वा गाडीतून उतरून तशीच उभी राहिली. "अय्य," एवढंच म्हणाली. वाळूवर जत्रेसारखी माणसं होती. उंटवाले, शहाळीवाले, कुठल्या कुठल्या जिल्ह्यातल्या गाड्या भरून आलेली कुटुंबं. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, सलवार-कमीजमधल्या बायका एकमेकींचे हात धरून पाण्यात किंचाळत होत्या. लाट आली की सगळ्या आडव्या व्हायच्या. कुणाचे केस सुटलेले, कुणाचा पदर भलतीकडंच, कुणी वाळूत बसकण मारून खोकतंय. कुणाचं कुणाकडं लक्ष नव्हतं. पुढची लाट कधी येते याच्याकडं सगळ्यांचं लक्ष.

"नडी," अव्वा मला म्हणाली. नडी म्हणजे चल. "मी येतो आत. तू माझ्याबरोबर ऱ्हा." आमच्याकडं बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात.

अप्पा चपला सांभाळत काठावर थांबले, आत्या देवळाकडं गेली. आम्ही दोघी पुढं झालो. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. बसू आधीच पुढं जाऊन ओरडत होता, "तिथंच थांबा, त्याच्या पुढं येऊ नका!" आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या छोट्या डबीत घातलेलं, आणि ते कधी अंगावेगळं करायचं नसतं. अव्वानं उजव्या मुठीत ते घट्ट धरलं होतं. डावा हात तिनं पदरावरून छातीशी दाबून धरला होता. का, ते मला माहीत होतं. दोन्ही हात असे गुंतवून ती पाण्यात उभी होती, आणि लाटा पाहताना एखाद्या मुलीसारखं तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

पहिली लाट गुडघ्यावर फुटली. दुसरी मोठी होती. मी ती येताना बघितली, "अव्वा!" म्हणाले, आणि लाटेनं आमच्या पायांखालची वाळूच काढून घेतली. मी खाली गेले. डोळ्यात, नाकात खारं पाणी. वर कुठं, खाली कुठं, समजेना. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी इतकं गच्च पकडलं की मला दुखलं. अव्वाचा हात. तिनं मला ओढून उभं केलं. दोघी खोकत, थुंकत उभ्या राहिलो. तिचे केस तोंडावर आले होते, पदर खांद्यावरून सुटून पाण्यात पसरला होता. उजव्या मुठीत लिंग तसंच होतं. डाव्या हातानं तिनं माझं मनगट धरलेलं होतं.

मग तिनं खाली बघितलं. मी पण बघितलं. ओलं ब्लाउज अंगाला चिकटलं होतं आणि डावी बाजू सपाट होती. चार-पाच हातांवर निळं काहीतरी फेसात वर आलं, बुडालं, परत वर आलं. मी तिकडं निघाले तशी तिनं माझं मनगट ओढलं.

"अव्वा, ते..."

"जाऊ दे."

"जवळच हाय, आणतो मी."

"साकु," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. मग पुन्हा म्हणाली, "साकु, जाऊ दे तिकडं. उकडत हुतं मला त्यात."

तिचा चेहरा ओला होताच, त्यामुळं ती रडली का हे मी सांगू शकत नाही. तिनं पदर पाण्यातून ओढून घेतला, पिळला आणि कमरेला खोचला. पुढची लाट लांबवर उठत होती. तिच्याकडं बघत अव्वा ओरडली, "बा! बा!" कानडीत बा म्हणजे ये. वासराला हाक मारावी तशी ती लाटांना हाका मारत होती, आणि त्या येत होत्या. शेजारी कुठल्यातरी गावाकडची एक जाडजूड बाई होती. तिनं काही न विचारता अव्वाचा दंड धरला. त्या दोघी, मी आणि त्या बाईच्या दोन सुना, अशी आमची एक साखळी झाली. आम्ही पडलो, उठलो, परत पडलो. अव्वाचा आवाज समुद्राच्या वर चालला होता. काठावर अप्पा दोन्ही हातांत चपला घेऊन उभे होते, आणि पाणी त्यांच्या धोतरापर्यंत आलेलं त्यांना कळलं नव्हतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा अप्पांनी बघितलं. त्यांनी लगबगीनं चपला वाळूत टाकल्या, खांद्यावरचा मोठा पंचा पसरला आणि तिला पुढून झाकायला दोन्ही हातांनी समोर धरला. अव्वानं तो त्यांच्या हातातून घेतला आणि डोकं वाकवून केस पुसायला लागली. अप्पा क्षणभर तसेच हात पुढं करून उभे राहिले. मग त्यांनी हात खाली घेतले आणि म्हणाले, "शहाळं पिशील?"

"पितो की," अव्वा म्हणाली. "मलई असलेलं सांगा. आणि तुमी आत का आला न्हाई? भ्याला?"

आज मी त्या वेळच्या अव्वापेक्षा वयानं बरीच मोठी आहे. घरात सुट्टीचा विषय निघाला की मुलं फोनवर फोटो बघून ठरवतात, कुठलं पाणी निळं, कुठली वाळू पांढरी, कुठं गर्दी कमी. मी त्यांच्यात बोलत नाही. अव्वा त्यानंतर बरीच वर्षं होती. माझं लग्न तिनं केलं, बसूची मुलं अंगाखांद्यावर वाढवली. तो आजार परत आला तो फार उशिरा, आणि तेव्हा तिनं त्याचं नाव सगळ्यांच्या आधी स्वतः घेतलं. त्या सुट्टीनं तिचं दुखणं बरं केलं असं मी म्हणणार नाही. घरी परतल्यावरही ती कित्येकदा गप्प व्हायची, आरशापुढून पटकन निघून जायची. पण अप्पांना तिनं पुन्हा कधी "तुमी म्हणाल तसं" म्हटल्याचं मला आठवत नाही. अप्पांनी एकदा गमतीनं तक्रारही केली, की खाडीवरच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

परत आल्यावर सकाळी गिरणी उघडली तेव्हा दारात चार दिवसांची गर्दी तुंबली होती. अप्पा मोटरपाशी गेले. बायका कुलपाबद्दल त्यांना दोन शब्द सुनावत होत्या, एवढ्यात मागच्या दारातून अव्वा आली. अंघोळ झालेली, कपाळाला विभूती, पदर कमरेला खोचलेला. ब्लाउजमध्ये तिनं काही घातलं नव्हतं. ती सरळ येऊन स्टुलावर बसली आणि तोंडाला बांधायचं फडकं झटकायला लागली. बायका माना लांब करून बघायला लागल्या. मोटर अजून चालू झाली नव्हती, त्यामुळं बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जाणार होतं.

पहिला नंबर पाचगावच्या एका म्हातारीचा होता. दरवर्षी येणारी. तिनं आपला डबा खाली ठेवला, पुढं वाकून अव्वाकडं नीट बघितलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "अगं महादेवी, ह्या अंगाला काय झालं गं तुझ्या?"

अप्पांचा हात बटणावरच थांबला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"गाठ हुती, मावशी," अव्वा म्हणाली. "मिरजंला जाऊन काढली."

"सगळंच काढलं?"

"सगळंच."

म्हातारीनं जिभेनं च्च केलं. अव्वाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुखतंय व्हय अजून?"

"कधी कधी. पयल्यासारखं न्हाय."

"बरं केलंस, बाई. वाचलीस."

अव्वानं तिचा डबा पुढं ओढला, झाकण काढलं, मिरच्यांत हात घालून बघितला. "बारीक करायचं का जाडं?"

"बारीक कर की," म्हातारी म्हणाली. "दात कुठं ऱ्हायल्यात मला."

मागच्या बायका हसल्या, अव्वा हसली, अप्पांनी बटण दाबलं, आणि त्या दोघी पुढं काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.